पहिल्या नजरेचं माप

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा बर्लिनहून निरोप आला. शासनाची शिष्यवृत्ती मिळवून ती शिकायला गेली होती. सोनपेठ तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी. आईवडील कित्येक वर्षं दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जायचे आणि ही आजीपाशी राहून शिकायची. मोठं शहर म्हणून तिने परभणी, मग संभाजीनगर आणि पुणे पाहिलेलं. आता एकदम बर्लिन. मला वाटलं, ती तिथल्या इमारतींबद्दल, जमिनीखालून धावणाऱ्या गाड्यांबद्दल, पडलेल्या भिंतीबद्दल काही सांगेल. निरोप एवढाच होता : "सर, पोचले. इथं नळाचं पाणी तसंच पितात. आणि नळ कधीही सोडला तरी येतं."

मी तो निरोप घरात वाचून दाखवला, तेव्हा सगळे हसले. मला मात्र तो पुढे बरेच दिवस पुरला. आमच्या भागात पाणी भरून ठेवणं हे घरातलं एक कामच असतं. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या, आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर एक डोळा. या मुलीने बर्लिनमध्ये पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या घरात जे नव्हतं ते. शहर तिने हंड्याने मोजलं.

मी इतिहासाचा शिक्षक. निवृत्त झालो तरी खोड जात नाही. मनात आलं, आपल्या भाषेतली माणसं पहिल्यांदा सातासमुद्रापलीकडच्या मोठ्या शहरात उतरली, तेव्हा त्यांनी काय पाहिलं असेल? आणि काय घेऊन ते शहर मोजलं असेल? जुनी चरित्रं, पत्रं, प्रवासवृत्तं पुन्हा काढून बसलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आमच्याकडून परदेश किती लांब?

आधी आमच्या गावाचं ठिकाण सांगायला हवं, कारण माप तिथून सुरू होतं. सोनपेठ हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शेजारी गंगाखेड, जनाबाईचं जन्मगाव. दुसऱ्या अंगाला परळी. आजही रेल्वे धरायची तर गंगाखेड नाहीतर परळी गाठावी लागते. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पलीकडचे लोक आम्हाला 'मोगलाईतले' म्हणत आणि आम्ही त्यांच्या भागाला 'इंग्रजी मुलूख'. निजामाचं नाणं वेगळं होतं, हाली शिक्का. जकातीचं खातं वेगळं होतं, करोडगिरी. कचेरीची भाषा उर्दू. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली. तोवर इकडचा माणूस बैलगाडीने किंवा पायीच प्रवास करी.

माझे आजोबा एकदाच मुंबईला गेले होते, भावाला दवाखान्यात दाखवायला. त्या प्रवासाची गोष्ट आजी सांगायची. गोष्टीत समुद्र नव्हता, राजाबाई टॉवर नव्हता. मनमाडपलीकडे खिशातला हाली रुपया कुणी घेईना आणि दोघे भाऊ एक दिवस उपाशी राहिले, एवढीच ती गोष्ट होती. एकाच भाषेच्या माणसांमध्ये ते परदेशी झाले होते. तेव्हा परदेश म्हटलं की समुद्रच ओलांडायला हवा असं नाही, हे आम्हाला फार लवकर कळलेलं आहे.

लंडन : एक स्वयंपाकघर आणि एक दरवाजा

मराठी राजकारणातून लंडनला गेलेल्या सुरुवातीच्या माणसांत हणमंतराव हे नाव येतं. राघोबादादाने इंग्रजांची मदत मिळवण्यासाठी त्यांना वकील म्हणून पाठवलं. सोबत मणियार हे पारशी गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. ही मंडळी १७८१ मध्ये लंडनमध्ये होती. त्या वेळचं लंडन म्हणजे युरोपातलं केवढं तरी अफाट शहर. पण या वकिलांचा रोजचा प्रश्न होता सोवळ्यात शिजवायचं कुठे आणि जेवायचं कुठे. त्यांची ही अडचण एडमंड बर्क या खासदाराच्या लक्षात आली. त्याने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं झाडघर त्यांना मोकळं करून दिलं. परदेशी रोपं थंडीपासून जपायला बांधलेल्या त्या घरात ब्राह्मण वकिलाचा स्वयंपाक होऊ लागला.

हणमंतरावांना लंडन कसं दिसलं, याचं त्यांच्या हातचं वर्णन माझ्या वाचनात नाही. पण परतल्यावर काय झालं ते इंग्रज लेखकांनी नोंदवून ठेवलं आहे. समुद्र ओलांडल्याचा दोष जावा म्हणून सोन्याच्या योनीतून बाहेर काढून त्यांचा जणू नवा जन्म करण्यात आला. ज्याला परतल्यावर पुन्हा जन्म घ्यावा लागणार, तो परक्या शहराकडे मोकळ्या नजरेने पाहणार तरी कसा? त्याची नजर चुलीभोवतीच राहणार.

दुसरे रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथे राहिले. चौदा वर्षं म्हणजे एक वनवासच. लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीचं मुख्य कार्यालय होतं, इंडिया हाऊस. अर्ज, विनंत्या, छापील निवेदनं, सभा, संसदेतल्या माणसांच्या भेटी, याच वाटांनी त्यांना लंडन कळलं. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, १८४८ मध्ये सातारचं राज्य खालसा झालं, तरी हा माणूस तिथेच दारं ठोठावत होता. १८५३ मध्ये कर्जबाजारी होऊन ते निघाले. पुढे सत्तावनच्या धामधुमीत त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली आणि ते स्वतः बेपत्ता झाले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं आहे. ते वाचताना मला सारखं वाटत राहतं की या माणसाला लंडन हा एकच लांबलचक बंद दरवाजा दिसला असेल.

एकाचं माप चूल, दुसऱ्याचं माप दरवाजा. दोघांनीही शहर बघायचं म्हणून बघितलं नाही. बघायला, शिकायला आणि मुख्य म्हणजे परत येऊन काही करायला माणसं गेली ती पुढच्या पिढ्यांत. त्यांतल्या तिघांची पहिली पावलं मला जरा सविस्तर पाहायची आहेत. तिघंही अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली.

४ जून १८८३ : न्यूयॉर्क

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. सोबत मिशनरी बायका. नवरा गोपाळराव मागेच राहिले होते. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. या दोघींची ओळख पत्रांतून झालेली. गोपाळरावांनी कोल्हापुरातून एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं होतं, ते कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलं आणि उत्तर धाडलं. त्यातून मैत्री झाली. त्या आनंदीबाईंना न्यू जर्सीतल्या रोझेल गावी आपल्या घरी घेऊन गेल्या.

त्या दिवशीचं न्यूयॉर्क कसं होतं? ब्रुकलिनचा प्रचंड झुलता पूल २४ मे रोजी, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांपूर्वी खुला झाला होता. ३० मेला त्याच पुलावर चेंगराचेंगरी होऊन बारा माणसं मेली होती. सगळ्या शहराच्या तोंडी तो पूल असणार. बंदरात मात्र स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अजून नव्हता. त्याचं अनावरण ऑक्टोबर १८८६ च्या अखेरीस झालं. आनंदीबाई त्याच महिन्यात, त्या समारंभाच्या थोड्याच दिवस आधी, परत निघाल्या. आज जी खूण पाहून माणसं न्यूयॉर्क आलं म्हणतात, ती येताना त्यांच्यासमोर नव्हती आणि जाताना पुरी झालेली नव्हती.

मग त्यांनी कशाशी तुलना केली असेल? याचं उत्तर अमेरिकेला जाण्याआधीच्या एका भाषणात आहे. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो हे लोकांसमोर सांगितलं. आपल्या देशात बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, हे त्याचं मुख्य सूत्र. पण त्याच भाषणात रस्त्यांबद्दलही आहे. मुंबईत शाळेत जाताना येणारेजाणारे कसे टोकत, हसत. कलकत्त्यात नवऱ्याबरोबर फिरायला निघालं तरी लोक कसे थांबून बघत. लहान वयात लग्न, चौदाव्या वर्षी मूल होऊन दहा दिवसांत गेलेलं, आणि आपल्याच देशातल्या रस्त्यावर चालायची चोरी. हे माप घेऊन ती मुलगी धक्क्यावर उतरली होती. पूल केवढा, हा तिचा प्रश्न नव्हता. पुलावरून बाई एकटी चालते का, हा होता.

त्या शरद ऋतूत त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. तिथे शहराने आपली दुसरी बाजू दाखवली. थंडी. राहायच्या खोलीतली शेगडी नीट जळत नसे, धूर कोंडे. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. मांसाहार करायचा नाही हा निश्चय होता, त्यामुळे जेवणाचे हाल. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असं सेरामपूरला जाहीर केलं होतं. तो शब्द त्या रोज, प्रत्येक जेवणाला पाळत होत्या. बर्कच्या झाडघरात शिजवणाऱ्या हणमंतरावांची अडचणही तीच होती, पण इथे एक फरक दिसतो. तिथे वकिलाच्या मागे परतल्यावरच्या प्रायश्चित्ताची भीती होती. इथे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने आपण होऊन दिलेलं वचन होतं.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोटो मी वर्गात अनेक वर्षं दाखवत आलो. मुलींचं लक्ष नेहमी साडीकडे जायचं : "सर, साडीवरच गेल्या?" हा प्रश्न फार मोलाचा आहे. शहराने त्यांना कपडे बदलायला लावले का, आणि नाही लावले तर त्याची किंमत कुणी भरली?

किंमत भरली ती शरीराने. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा पुढे कार्पेंटर कुटुंबाकडे अमेरिकेत पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. धक्क्यावर उतरवून घेणाऱ्या बाईच्याच घरात त्यांचं शेवटचं ठिकाण झालं.

मार्च १८८६ : फिलाडेल्फिया

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला एक पाहुणी इंग्लंडहून आली होती. नात्याने लांबची बहीण, पंडिता रमाबाई. कडेवर नव्हे पण बोटाला धरलेली छोटी मनोरमा. रमाबाई १८८३ पासून इंग्लंडात होत्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत. समारंभापुरत्या आलेल्या बाई पुढे जवळपास तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या, भाषणं देत गावोगाव फिरल्या. बोस्टनला १८८७ च्या डिसेंबरात त्यांच्या कामासाठी 'रमाबाई असोसिएशन' निघालं. १८८९ च्या सुरुवातीला जपानमार्गे त्या परतल्या आणि त्याच वर्षी त्यांचं 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक निर्णयसागर छापखान्यातून बाहेर पडलं.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडं सावध व्हावं लागतं. आपण ज्याला पहिली नजर म्हणतो, ती या पुस्तकात तीन वर्षांच्या चाळणीतून आलेली आहे. बोटीतून उतरताना वाटलं ते आणि परत येऊन, कुणासाठी तरी, काहीतरी सिद्ध करायला लिहिलं ते, या दोन वेगळ्या गोष्टी. पुस्तकाचं नावच पाहा. 'प्रवासवृत्त' शेवटी आहे, 'लोकस्थिति' आधी. रमाबाईंना शहरं सांगायची नव्हती, माणसं कशी राहतात ते सांगायचं होतं. राज्यव्यवस्था, घरं, शिक्षण, दानधर्म आणि मुख्य म्हणजे बायकांची स्थिती. शाळा-कॉलेजांतल्या मुली, दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायका, बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या संस्था. त्या संस्थांची सभा कशी भरते, वर्गणी कशी गोळा होते, हे त्या अशा बारकाईने बघतात की वाचताना कळतं, ही बाई घरी जाऊन हेच उभारणार आहे.

पण नजर भाबडी नव्हती. कंबर आवळून श्वास कोंडणारे तिथल्या बायकांचे पोशाख आणि टोप्यांवर मिरवायला मारलेले पक्षी यांवर त्यांनी टीका केली. तिथले मूळ रहिवासी आणि काळे लोक यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दलही लिहिलं. ज्या देशाचं कौतुक करायला पुस्तक लिहिलं, त्याच देशातला हा डाग त्यांनी झाकला नाही. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या माणसाला दुसऱ्याची उतरंड लवकर ओळखू येते, असं मला वाटतं.

आता दोन तारखा शेजारी ठेवतो. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, रमाबाई समोर बसलेल्या. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. बरोबर तीन वर्षं. तारीख मुद्दाम निवडली की तशी जुळून आली, यावर मी काही म्हणत नाही. पण फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात जे पाहिलं, त्याचं पुढे काय झालं हे विचारणाऱ्याला उत्तर म्हणून ही तारीख पुरेशी आहे.

जुलै १९१३ : पुन्हा न्यूयॉर्क

तीस वर्षं गेली. आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या ती तारीख ४ जून. ४ जून १९१३ याच तारखेला बडोद्यात भीमराव आंबेडकरांनी संस्थानाशी शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. वडील रामजी सुभेदार फेब्रुवारीत गेले होते. जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस.

या खेपेला बंदरात पुतळा होता. शहरात वुलवर्थ बिल्डिंग नुकतीच, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, उघडली होती. त्या काळातली जगातली सर्वांत उंच इमारत, ७९२ फूट. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात काही दिवस काढले, पण गोमांसाचं जेवण उतरेना, म्हणून जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एका खोलीत राहिले. भथेनांची ती मैत्री जन्मभर टिकली. चूल इथेही आहेच. हणमंतराव, आनंदीबाई, आंबेडकर, तिघांच्याही गोष्टीत ती पहिल्या पानावर भेटते.

न्यूयॉर्कला पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेलं पत्र चरित्रकारांनी दिलं आहे. त्यात वुलवर्थ नाही, पुतळा नाही. मुलांचं नशीब घडवणं आईबापांच्या हाती असतं आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवलं तर समाज लवकर वर येईल, असा त्या पत्राचा आशय आहे. जगातल्या सर्वांत उंच इमारतीच्या शहरात उतरलेला बावीस वर्षांचा मुलगा घरी लिहितो ते मुलीच्या शिक्षणाबद्दल. मला हे पत्र वाचताना बर्लिनच्या नळाची आठवण झाली.

मग ग्रंथालय. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस आणि इतिहासाचे अकरा अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन, ड्युई यांच्यासारखे गुरू लाभले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून पुस्तकं घेतली. १९१७ साली परत येताना सामान वेगळ्या बोटीने धाडलं, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली आणि त्यांतली बरीच पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली.

पण त्यांना त्या शहराने खरोखर काय दिलं, ते त्यांनी वीसेक वर्षांनी लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत सापडतं. परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर प्रश्न पडला, राहायचं कुठे? तेव्हा ती परत आली. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. शहरात कुठे जागा मिळाली नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी बागेत बसून, रडत काढला.

पहिल्या नजरेच्या अभ्यासात हे पान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कचा खरा ठसा काय होता, ते न्यूयॉर्कमध्ये कळलं नाही. तिथे ती गोष्ट एक नसणं होती, आणि नसणं दिसत नाही. बडोद्याच्या स्टेशनावर ते दिसलं.

दौलताबादचा हौद

त्याच टिपणांत एक प्रसंग आमच्या मराठवाड्यातला आहे. १९३४ साली आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाने धुळीत माखलेली माणसं, म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय-तोंड धुतलं. हौद बाटवला म्हणून तिथले मुसलमान रहिवासी अंगावर धावून आले. शेवटी गडात सोडलं ते पाण्याला शिवणार नाही या अटीवर, सोबत पहारा देऊन. अस्पृश्यता एका धर्मापुरती उरलेली नाही, हे दाखवायला त्यांनी ती हकीगत सांगितली आहे. कोलंबियाचा पदवीधर, लंडनचा डी. एस्सी., बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस. आणि आमच्या राज्यातल्या हौदातलं ओंजळभर पाणी.

याच मुलखात ते पुन्हा आले ते कॉलेज घेऊन. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद. तेव्हा मराठवाड्याला विद्यापीठ नव्हतं, ते १९५८ साली आलं. आमच्या भागातली कितीतरी पोरं घरातली पहिली पदवी घ्यायला नागसेनवनात गेली. वर्गाइतकंच ग्रंथालयाला महत्त्व, हे तिथे शिकलेली जुनी माणसं सांगतात. त्यांचं बोलणं ऐकताना मला न्यूयॉर्कचं ते ग्रंथालय आठवतं. बुडालेल्या पुस्तकांचा असा काही परतावा झाला, असं मी मनाशी धरून चालतो.

कोलंबिया विद्यापीठाने १९५२ च्या जूनमध्ये आंबेडकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. आमच्या मराठवाड्यातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला, त्यावरून गावंच्या गावं पेटली, दलितवस्त्या जळाल्या. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. त्या काळात मी तरुण होतो. परक्या शहराने काय दिलं हे विचारताना आपल्या शहराने काय द्यायला किती वेळ लावला, तेही मांडावं लागतं. नाहीतर हिशेब अर्धा राहतो.

पुन्हा बर्लिन

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात एक गोष्ट आली. परदेशी शहराची पहिली नजर हा त्या शहराचा दस्तऐवज म्हणून फारसा भरवशाचा नाही. रंगो बापूजींच्या अर्जांतून लंडनचा नकाशा काढता येत नाही, आंबेडकरांच्या पहिल्या पत्रातून न्यूयॉर्क उभं राहत नाही. पण सेरामपूरच्या भाषणाशेजारी न्यूयॉर्कचा धक्का ठेवला की १८८३ ची मुंबई स्पष्ट दिसते. बडोद्याच्या बागेतला बाक दिसतो, दौलताबादचा हौद दिसतो. जो इतिहास घरच्या कागदांत कुणी लिहून ठेवत नाही, कारण तो सगळ्यांना रोजचाच असतो, तो बाहेर पडलेल्या माणसाच्या पहिल्या आश्चर्यात लिहिला जातो. माझ्या आजोबांचा न चाललेला रुपया हाही असाच एक कागद आहे. तो कुठल्या दफ्तरात नाही, आजीच्या गोष्टीत आहे.

दिवाळीनंतर त्या मुलीचा दुसरा निरोप आला, या वेळी लांबलचक. खोली मिळत नव्हती. फोनवर नीट बोलणं व्हायचं, नाव सांगितलं की जागा भरली म्हणायचे. काही ठिकाणी जर्मन येत नाही म्हणून नकार आला. शेवटी एका तुर्की बाईने घरातली खोली भाड्याने दिली. आनंदीबाईंची धुराची शेगडी, आंबेडकरांनी बदललेलं वसतिगृह, यांच्या रांगेत मी तिची ही खोली मांडली. पहिल्या नजरेनंतर दुसरी येतेच, आणि ती बहुधा राहायच्या जागेपाशी येते.

मी तिला लिहिलं, जे दिसतंय ते तारीख घालून वहीत टिपून ठेव. रमाबाईंसारखं परत आल्यावर लिहायचं ठरवलंस तर बरंच गळून जाईल. तिने विचारलं, "सर, काय काय लिहू?" मी म्हटलं, नळापासून सुरुवात कर.

परवा तिची आई बाजारात भेटली. या हंगामात कारखान्यावर जाणार नाही म्हणाली, गुडघे धरलेत. पोरगी काय म्हणते विचारलं, तर हसली. म्हणाली, "काय न्हाई सर, म्हनती, परत आले की आधी घरात नळ घेऊ."